तिसऱ्या गिअरची गाडी

शोरूममधल्या पोरानं किल्ली नवऱ्याच्या हातात दिली आणि मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही मागं बसा. एसी लई गार आहे."

नवऱ्याने एकदा किल्लीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्याला गाडी म्हणजे पावसात डोक्यावर असलेलं छप्पर, एवढंच ठाऊक. तो शांतपणे म्हणाला, "चालवणार ह्या. मागं मी बसतो. गार आहे ना नक्की?"

त्या दिवसापासून पुढचे दोन महिने हेच. मी पुढे, हा मागे, आणि शेजारी कुणीतरी नवखा सेल्समन डाव्या हाताने दाराची मूठ घट्ट धरून. २०२४ चा पावसाळा आम्ही असाच घालवला. दसऱ्याला गाडी दारात हवी असं सासूबाईंनी ठरवलं होतं, कोणती ते मी ठरवायचं होतं.

गाडीचं वेड माझ्याकडे अण्णांकडून आलं, म्हणजे माझ्या वडिलांकडून, पण उलट्या बाजूने. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला आम्ही राजापूरहून गोव्याला गेलो होतो. पणजीत रस्त्याकडेला एक लालभडक, बुटकी, कापडी टपाची दोन माणसांची गाडी उभी होती. सॅन स्टॉर्म. गोव्यातच बनायची. इंजिन जेमतेम बाराशे सीसीच्या आत, ताकद साठेक घोड्यांची, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा तेरा-चौदा वर्षांची मी तिच्याभोवती नुसत्या चकरा मारत होते. अण्णांनी लांबूनच निकाल दिला: "दोनच माणसं? मग आजीला काय डिकीत घालायची?"

पंचवीस वर्षं हा प्रश्न माझ्या मानगुटीवर बसलाय. स्पोर्ट्स कार हवी, पण आजी डिकीत जाता कामा नये. आता आजीच्या जागी सासूबाई आहेत. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. शिवाय नऊ वर्षांचा लेक, त्याची क्रिकेटची किट, आणि मे महिन्यात माहेरून येणाऱ्या आंब्याच्या पेट्या.

माझं रोजचं जगणं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी राहते कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका गल्लीत, जिथे समोरून छोटा हत्ती आला की एकाने कुणाच्या तरी पोर्चमध्ये तोंड घालायचं असा अलिखित करार आहे. नोकरी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, फौंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटी कंट्रोलला. विद्यापीठावरून, उजळाईवाडीवरून हायवेला लागायचं, गोकुळ शिरगाव ओलांडायचं. जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. हायवेचं सहापदरीकरण चालू असल्यामुळे रस्ता आज इथे तर उद्या तिथे. आणि दिवाळीनंतर साखर कारखान्यांची धुराडी पेटली की उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन-दोन, मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर असलाच तर उसाच्या पाल्याखाली झाकलेला. अंधार पडताना घरी यायचं म्हणजे डोळ्यांत तेल घालून.

महिन्यातून एकदा माहेरी, राजापूरला. बाजार भोगावावरून अणुस्कुऱ्याचा घाट उतरायचा, खाली पाचल, मग राजापूर. अरुंद रस्ता, गर्दी कमी, वळणं एकावर एक. ज्याला गाडी चालवायला आवडते त्याने हा घाट पावसाळा सरल्यावर एकदा करावा. उतरताना नाही, चढताना.

एकूण, माझी गाडी आयुष्यातला नव्वद टक्के वेळ ताशी वीस ते ऐंशीच्या मधे असते. हे वाक्य साधं आहे, पण मला ते उमगायला चार शोरूम आणि जुन्या गाड्यांचा एक बाजार फिरावा लागला.

सुरुवात जुन्या बाजारातूनच केली, कारण मनात फियाटची अबार्थ पुंटो होती. २०१५ साली ही आली तेव्हा दहा लाखांच्या आत १४५ घोडे कुणीच देत नव्हतं. पुण्याजवळच्या रांजणगावात बनलेली, १.४ लिटरचं टर्बो इंजिन (टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा), २१२ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, मागच्या पिढीचं जड, हायड्रॉलिक स्टिअरिंग, जे हाताला रस्त्याची बित्तंबातमी देतं. एक मिळाली. मालक हौशी, गाडी चकचकीत. मी फौंड्रीतली सवय म्हणून टॉर्च आणि लोहचुंबक घेऊन गेले होते. चुंबकाला फडकं गुंडाळायचं आणि पत्र्यावरून फिरवायचं. जिथे पुट्टी भरलेली असते तिथे चुंबक हात सोडतं. उजव्या मागच्या चाकाच्या वर सोडला.

मग टायर पाहिले. टायरच्या कडेला चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तीन टायरवर ३११६, म्हणजे २०१६ चा एकतिसावा आठवडा. चौथ्यावर ०९२१. मालक म्हणाले, "ताई, गाडी फार वापरलीच नाही." त्यात खोटं नसेलही. पण आठ वर्षांचं रबर वापरा नाहीतर नका वापरू, ते दगड होतं. शिवाय गाडीचं उत्पादन बंद होऊन वर्षं झालेली, म्हणजे एखादा सेन्सर गेला की पुण्यातल्या जाणकारांना फोन लावत बसायचं. दुसरी गाडी म्हणून घेतली असती. रोज आठ वाजता पंचिंगला पोचायचं असेल तर नाही.

चालवून मात्र पाहिली, आणि तो दिवस विसरणार नाही. इंजिनाचे मिनिटाला अडीच हजार फेरे होईपर्यंत काहीच नाही, नंतर मागून कुणीतरी ढकलून दिल्यासारखं. आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या स्पीडब्रेकरवर मात्र पोट घासलं. १५५ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स आणि महापालिकेचा मुकादम, यांचं जमणं कठीण.

हा स्पीडब्रेकर पुढे माझा अधिकृत परीक्षक झाला. प्रत्येक टेस्ट ड्राइव्हला मी सेल्समनला सांगायचे, हायवे नको, माझ्या घरी चला. तीन गोष्टी बघायच्या: ब्रेकरवर चौघं बसून घासते का, सासूबाई कशा चढतात-उतरतात, आणि उलटी पोर्चमध्ये कशी जाते. अण्णांनी पाठवलेली रिकामी लाकडी पेटी पण मी सोबत नेत असे. डिकीचे लिटर पाठ करून काय करू? मला पेट्या मोजायच्या होत्या. एका शोरूममध्ये सिक्युरिटीने ती पेटी बाहेर ठेवायला लावली, आत आंबे असतील तर वास येतो म्हणे. ऑगस्टमध्ये.

टाटाची अल्ट्रॉझ रेसर त्या जूनमध्येच आली होती. १२० घोडे, १७० न्यूटन-मीटर, सहा गिअर. तेव्हा साडेनऊ लाखांपासून सुरू. दारं काटकोनात उघडतात, पूर्ण नव्वद अंश. सासूबाई पाठ टेकवून बसल्या, दोन्ही पाय एकदम आत घेतले आणि म्हणाल्या, "हीच घे." त्यांच्यापुरता विषय संपला होता. अपघाताच्या चाचणीत अल्ट्रॉझला २०२० साली ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळालेले. नवराही खूश.

नाही म्हणण्याचं कारण माझी उंची. मी पाच फूट एक इंच. क्लच पूर्ण दाबायचा तर सीट पुढे घ्यावी लागते, आणि सीट पुढे घेतली की स्टिअरिंग छातीवर येतं. स्टिअरिंग वर-खाली होत होतं, पुढे-मागे नाही. एअरबॅग स्टिअरिंगमध्ये असते आणि ती फुटते तेव्हा छाती आणि स्टिअरिंगमध्ये किमान वीतभर तरी अंतर हवं, पंचवीस सेंटिमीटर असं सुरक्षावाले सांगतात. माझं अठरा भरलं. टेप माझ्याकडे असतोच. बुटक्या बायकांनी गाडी घेताना रंगाआधी हे मोजावं. पावणेसहा फुटी सेल्समन "ॲडजस्ट होतं मॅडम" एवढंच सांगतो.

मग फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी.

इथे थोडं थांबते, कारण ही गाडी मला आवडली नाही असं कुणी समजू नये. दीड लिटरचं टर्बो, १५० घोडे, सोळाशे फेऱ्यांपासून २५० न्यूटन-मीटर, सहा गिअरचं मॅन्युअल, चाकणमध्ये बनलेली. निवांत चालवताना इंजिन चारपैकी दोन सिलिंडर आपणहून बंद ठेवतं, तेवढंच पेट्रोल वाचतं. एनकॅपचे पाच तारे. डिकी ५२१ लिटरची, आठ पेट्या आणि वर एक फणस. स्टिअरिंग पुढे-मागे होतं. उजळाईवाडीच्या पुढे जरा मोकळा रस्ता मिळाला, दुसरा गिअर ताणला आणि काटा नव्वदीला टेकला. दुसऱ्याच गिअरमध्ये! मी पाय काढला. शेजारचा पोरगा म्हणाला, "मॅडम, अजून चार गिअर आहेत."

तेच तर. अजून चार गिअर आहेत आणि वापरायचे कुठे? उसाच्या ट्रॉलीमागे? पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवरसुद्धा शंभरची मर्यादा आणि वर कॅमेरे. ती गाडी मजेत यायला लागते तेव्हा माझा रस्ता संपलेला असतो. परत येताना मी चाळीस-पन्नासने चालवत होते आणि ती गाडी माझ्याशी बोलत नव्हती. छान, शांत, घट्ट, पण कंटाळलेली, कुत्र्याला फिरायला नेलं आणि साखळी सोडलीच नाही तर तो बघतो तशी.

आमच्या पॅटर्न शॉपमध्ये, साच्यांचे नमुने बनवतात तिथे, एक मामा आहेत, निवृत्तीला आलेले. तरुणपणी मोटरसायकलच्या शर्यती केलेल्या, डाव्या मनगटात अजून सळई आहे. त्यांना विचारलं. मामा साच्यावरची वाळू झटकत म्हणाले, "ताई, ताकद बघू नगा. तुमी तिसऱ्या गिअरात किती असता त्येवढं सांगा."

मी दुसऱ्या दिवशी मोजलं. खरंच मोजलं. लेकाचा जुना टॅली काउंटर डॅशबोर्डला चिकटवला आणि कागलपर्यंत दर मिनिटाला कितव्या गिअरमध्ये आहे ते बघितलं. गल्ली, विद्यापीठाचा चढ, डायव्हर्शन, एमआयडीसीतले आतले रस्ते धरून निम्म्याहून जास्त वेळ तिसऱ्यात. घाटात तर दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा, बाकी काही नाही. म्हणजे मला तिसऱ्या गिअरची गाडी हवी होती. पाचव्या-सहाव्याची नाही.

ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाइन मी यादीत शेवटी ठेवली होती, कारण २०२१ ला ती आली तेव्हा तिच्यात क्लच पेडल नसलेलं मॅन्युअल होतं. गिअर हाताने टाकायचा, क्लच गाडी दाबणार. मला ते अर्धवट वाटलं. स्वयंपाक आपण करायचा आणि फोडणी दुसऱ्याने द्यायची, तसं. २०२३ च्या नव्या रूपात त्यांनी तिला सरळ क्लचवालं सहा गिअरचं मॅन्युअल दिलं. इंजिन एक लिटरचं, तीन सिलिंडर, टर्बो, १२० घोडे, १७२ न्यूटन-मीटर. कागदावर व्हर्टसच्या पुढे अगदीच बारकी.

पण हा टॉर्क दीड हजारापासून चार हजार आरपीएमपर्यंत, म्हणजे मिनिटाच्या फेऱ्यांपर्यंत, सपाट मिळतो. तिसऱ्या गिअरमध्ये पंचेचाळीसला इंजिन दोन हजाराच्या आसपास फिरत असतं, म्हणजे सगळा जोर आधीच पायाखाली. ट्रॉली दिसली, समोर मोकळं आहे, पाय दाबला, गेली. गिअर बदलायची गरज नाही. माझ्या जुन्या, बिनटर्बोच्या गाडीत हेच करायला दुसऱ्यात उतरून इंजिनाला चार हजारापर्यंत किंचाळायला लावावं लागे, आणि तेवढ्यात समोरून एसटी येई.

वर, साध्या आय-ट्वेंटीपेक्षा हिचं सस्पेन्शन कडक, स्टिअरिंग जरा जड, चारही चाकांना डिस्क ब्रेक, एक्झॉस्टचा आवाज किंचित खर्जातला. तीन सिलिंडरची घरघर मला आवडते. नवरा म्हणतो, रिक्षा. म्हणू दे. अणुस्कुऱ्याला न्यायला शोरूमवाले तयार होईनात, मग एका मैत्रिणीच्या भावाची गाडी मिळाली. चढताना एका तीव्र डाव्या वळणावर आधी ब्रेक, दुसरा, आत घातली आणि गाडी झुकलीच नाही. बंपरच्या टोकाला बोट लावून वळवल्यासारखी वळली. मी साठसुद्धा ओलांडले नव्हते आणि तोंडभर हसत होते. त्याच ठिकाणी ठरलं.

ठरलं म्हणजे माझं ठरलं. घरी दोन आक्षेप आले.

पहिला नवऱ्याचा, आणि तो खरा होता. २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपने आय-ट्वेंटी आपटली तेव्हा तिला तीन तारे मिळाले होते, व्हर्टसला पाच. आपटलेली गाडी दोन एअरबॅगची होती, आता सहा येतात, घसरणारी गाडी सावरणारं ईएससी येतं, सगळ्या सीटना तीन टोकांचे पट्टे येतात, हे सगळं मी सांगितलं. पण सांगाडा तोच आहे, हे मला धातूवालीला कुणी समजावायला नको. यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी ब्रेक, टायर आणि शेजारची जागा सांभाळून चालवते असं म्हणणं हे उत्तर नव्हे, दुसरा धडकणार असेल तर माझं कौशल्य काय कामाचं? एवढ्या एका बाबतीत मी मनाचं ऐकलं आणि ते ऐकल्याचं अजून मधूनमधून खुपतं. रात्री ट्रॉलीमागे असताना जास्त.

दुसरा आक्षेप सासूबाईंचा, गुडघ्याचा. दार अल्ट्रॉझइतकं उघडत नाही. त्यावर तोडगा निघाला: पुढची डावी सीट पूर्ण मागे, उंची वाढवायला रजईवाल्याकडून शिवून घेतलेली दोन इंची गादी. पट्टा मांडीवर नीट बसतो ना हे मी चारदा तपासलं. गादीचा रंग त्यांनी निवडला, जांभळा. काळ्या इंटिरिअरवर लाल शिलाई, त्यात जांभळी गादी. गाडीची ती एकच गोष्ट आहे जी बघून गल्लीतली पोरं हसतात.

लोकांना मी वेगळंच कारण सांगते. आमच्या पोर्चमध्ये मागच्या भिंतीपासून तुळशी वृंदावनापर्यंत ४,५०० मिलिमीटर जागा आहे. व्हर्टसची लांबी ४,५६१. एकसष्ट मिलिमीटर जास्त. आमच्याकडे कास्टिंग एक मिलिमीटरने चुकलं तरी त्याच्यावर लाल रंग मारून भंगारात जातं, एकसष्ट म्हणजे दुसराच जॉब झाला. वृंदावन हलवायचं कुणी नावही काढलं नसतं. आय-ट्वेंटी ३,९९५. चार हजाराला हे पाच मिलिमीटर कमी का, तर चार मीटरच्या आत आणि बाराशे सीसीच्या आत पेट्रोल गाडी बसली की कर कमी. तेव्हा छोट्या गाडीला २८ टक्के जीएसटी अधिक एक टक्का सेस, आणि व्हर्टससारखीला सेससकट ४५. आपल्याकडच्या अर्ध्या गाड्यांचे बंपर डिझायनरने नाही, करखात्याने काढलेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून तेच दर १८ आणि ४० झाले. म्हणजे मी अकरा महिने थांबले असते तर लाखभर वाचले असते. याचा विषय आमच्या घरात काढायचा नाही.

सव्वाअकराच्या आसपास शोरूमची किंमत होती. आरटीओचे बारा टक्के, विमा आणि बाकी किडुकमिडुक धरून साडेतेरा झाले. १२ ऑक्टोबरला दसरा होता. सकाळी गाडी आणली, सासूबाईंनी चाकाखाली लिंबू ठेवलं, बोनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं. संध्याकाळी दसरा चौकात सोनं लुटायला गेलो ते चालत. त्या गर्दीत नवीन गाडी नेणारा माणूस कोल्हापूरचा नव्हे.

आता सतरा हजार किलोमीटर झालेत. रोजच्या जाण्या-येण्यात लिटरला पंधरापर्यंत देते, घाटात बारा. मी नीट चालवली तर जास्त देईल असं ॲपवाले सांगतात. डिकी ३११ लिटरची, पेट्या चारच मावतात. कडक सस्पेन्शन उजळाईवाडीच्या डायव्हर्शनवर पाठीला कळतं. सोळा इंची चाकं आहेत, टायरची भिंत बारीक, खड्डा चुकला नाही तर रिमला वाकण्याची भीती. मी दर पंधरवड्याला हवा तपासते, सकाळी टायर थंड असताना, पंपावरच्या मीटरवर भरवसा न ठेवता स्वतःच्या गेजने. पंपावरच्या काकांना हे फार लागलं होतं. आता ते माझा गेज बाकीच्या गाड्यांना पण लावतात.

एक सवय मात्र फौंड्रीने लावलेली आहे. घाट चढून वर आले की मी गाडी लगेच बंद करत नाही. अर्धा-एक मिनिट चालू ठेवते. पेट्रोल टर्बोतून जाणारा धूर जोरात चालवताना नऊशे अंशांच्या वर तापलेला असतो. आमच्याकडे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डसाठी सिलिकॉन-मॉलिब्डेनम घातलेलं एसजी आयर्न, म्हणजे चिवट बीड, ओततात, साधं बीड तिथे खपल्या धरून तडकतं. त्याच टर्बोच्या दांड्याला बेअरिंगमध्ये तेल थंड ठेवतं, इंजिन पटकन बंद केलं की ते तेल जागच्या जागी करपतं. नव्या गाड्यांमध्ये पाण्याचं कूलिंग असतं, एवढी काळजी करायला नको, हे मला माहीत आहे. पण भट्टीसमोर पंधरा वर्षं उभी राहिलेली बाई तापलेल्या लोखंडाकडे पाठ फिरवून जाऊ शकत नाही.

मे महिन्यात राजापूरला गेलो होतो. येताना चार पेट्या डिकीत आणि पाचवी मागच्या सीटवर. ती ठेवल्याबरोबर गाडी टिणटिणायला लागली, मागच्या सीटवरचा प्रवासी पट्टा लावत नाही म्हणून. हापूसला पट्टा लावला. पलीकडे लेक, मधे पेटी, अलीकडे नवरा.

सासूबाईंना घाटात गाडी लागते. लग्न होऊन आल्यापासून बघतेय, अणुस्कुरा असो की आंबा घाट, पदरात आवळासुपारीची डबी आणि खिडकी उघडी. जुनी गाडी वळणावर होडीसारखी कलंडायची आणि मीही वळणात शिरल्यावर ब्रेक मारायचे, त्यात त्यांचा काय दोष! आता वळणाआधीच वेग उतरवायचा, गिअर आधी टाकायचा, आणि वळणात पाय एकसारखा ठेवायचा. गाडी झुकत नाही, मान हलत नाही. घाटाच्या मधल्या टप्प्यात मी दुसरा टाकला, टर्बोने हलकी शीळ घातली, आणि मला वाटलं त्या झोपल्यात. डोळे मिटूनच म्हणाल्या, "पुढच्याला पण हाच ठेव. ते मोठं आहे."

घाटमाथ्यावर थांबलो. मी इंजिन चालू ठेवून मिनिट मोजत होते. सासूबाई खाली उतरून, जांभळी गादी झटकून, टपरीवर चहा सांगायला गेल्या. मागचं दार उघडलं आणि नवरा तोंडावर रुमाल धरून रस्त्याच्या कडेला धावला.

परत आला तेव्हा चेहरा पांढराफटक. मी आवळासुपारीची डबी पुढे केली.

"एसी," तो म्हणाला, "मागं येतच नाही."